माहेरची पाळणूक

सोनारीच्या शिवारात सिताबाईच्या तोंडाला कुणी लागत नाही. बाई वाईट नाही, उलट लई मायाळू. पण तिची माया आधी शिवी होऊन बाहेर पडते आणि मागून भाकरी होऊन येते. "मेल्या, घरात तुला कुणी इचारीना व्हय?" असं म्हणतच ती चुलीपुढं बसणार, आणि एकदा ताट वाढलं की समोरच्याचं पोट भरल्याशिवाय त्याला उठू देणार नाही. मेंढरांच्या बाबतीतही तेच. अडलेल्या मेंढीला ती असल्या शिव्या देते की ऐकणाऱ्यानं कानावर हात ठेवावेत. हात मात्र लोण्यातून फिरावेत तसे फिरतात. घरच्या मेंढरांतली निम्मी कोकरं तिच्याच हातावर जगात आली.

नवरा बब्रुवान तिच्या उलट. बोलायला कंजूष आणि ऐकायला बहिरा, म्हणजे बायकोपुरता. लांब वेशीवर कुत्रं भुंकलं तर त्याला ऐकू येतं. पोरगा मल्हार घरचा पिकअप चालवतो, आपली आणि भावकीची मेंढरं भूमच्या बाजाराला नेतो. सून करिश्मा, आणि मल्हार-करिश्माची पोर अर्पिता, तिला अजून शाळा लागायची आहे. भिंतीला भिंत लावून सिताबाईची थोरली जाऊ द्वारकाबाई आणि तिचा पोरगा बलभीम राहतात. या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे ठरवायचा मक्ता तिच्याकडं.

आणि या घरात पडवळ चालत नाही. खायचं नाही, लावायचं नाही, बाजारातून पिशवीत घालून आणायचंही नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. कुळाची पाळणूक आहे, बस्स. घरात जन्मलेले गडी परगावी हॉटेलात बसून पडवळ खुशाल चापतात आणि तोंड पुसून घरी येतात. बाहेरून आलेल्या सिताबाईनं मात्र लग्न झाल्यापासून त्या भाजीकडं डोळा वर करून पाहिलेलं नाही. पाळणूक पाळायची ती सुनांनीच, असा या मुलखाचा कायदाच दिसतो.

तिचं माहेर जळकोटचं, हायवेच्या कडेला. तिथली पाळणूक शेवग्याची. जळकोटच्या त्या घरात एक रीत आहे. पोरगी सासरी निघाली की म्हाताऱ्या बायकांतली एकजण तिच्या तोंडात शेवग्याची शेंग घालते. जन्मभर जे तोंडात गेलं नाही ते चावून गिळायचं, की माहेरची पाळणूक सुटली. सिताबाईला तिच्या चुलतीनं शेंग भरवली. "आता तू तिकडची. तिकडचं ते पाळ," म्हणाली. मग काहीतरी विसरल्यासारखं वळून म्हणाली, "आन् ती फिटीची गोळी बी सुटली गं तुझी."

गोळीची गोष्ट अशी. सिताबाईचा धाकटा भाऊ रामकिसन पोरवयात फिट येऊन पडायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. फिट थांबली, पण काही दिवसांनी पोराच्या अंगाची कातडी निघायला लागली. भाजलेल्या वांग्याची साल निघते, तशी. तोंडाच्या आतून, ओठावरून, पापणीच्या कडेनं. पोरगा मरणाच्या दारातून माघारी आला, एका डोळ्याला कायमचं धुकं घेऊन. ही गोळी या मुलाला पुन्हा द्यायची नाही, असं डॉक्टरनं बजावलं. घरच्या आजोबांनी ते नुसत्या रामकिसनपुरतं ठेवलं नाही, अख्ख्या घराला लावलं. शेवगा आणि फिटीची गोळी, या घराला दोन्ही वर्ज्य.

हे ऐकून कुणाला हसू येत असेल तर त्यानं जरा दम धरावा. म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. एखादी गोष्ट नातवंडा-पतवंडांपर्यंत लक्षात राहायची तर ती देवाच्या खुंटीला बांधून ठेवायची, एवढी एकच हिकमत त्याला ठाऊक होती. आणि हिकमत झकास होती. खोट एकच होती. खुंटी पोरांसाठी होती. पोरींना तिथून सोडून द्यायची रीत होती.

मल्हारचं दुखणं भूमच्या बाजारात सुरू झालं. पिकअपवर मेंढरं चढवताना एका दांडग्या मेंढ्यानं त्याला मागून ढुशी दिली आणि हा डोक्यावर आपटला. टाके पडले, जखम भरली, लोक विसरले. बऱ्याच महिन्यांनी लोकर कातरताना त्याच्या हातातली कात्री गळून पडली, मान एकीकडं गेली आणि तो मेंढीच्या अंगावरच पडून झटके द्यायला लागला. त्याला तसंच पिकअपमध्ये घालून बार्शीला नेलं.

बार्शीचे डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी तपासण्या केल्या, मार लागलेल्या जागेतूनच झटका उठतोय असं सांगितलं. गोळी लिहून देण्याआधी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "रक्ताच्या नात्यात कुणाला औषध बाधलं होतं का? अंगावर उठणं, कातडी जाणं?"

"न्हाय, सायेब," बब्रुवान म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांत न्हाय."

डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. सिताबाईकडं वळले. "आई, तुम्हाला काही आठवतं का?"

सिताबाईला रामकिसन आठवला नाही असं नाही. तो तिच्या डोळ्यांपुढून गेला. पण तो जळकोटचा. मल्हार सोनारीचा. त्याचं कुळ वेगळं, देव वेगळा, पाळणूक वेगळी. जी गोष्ट तिच्या स्वतःच्याही अंगावरून शेंग खाऊन उतरली होती, ती पोराच्या अंगावर कुठून येणार? तिथं माहेरचं नाव काढणं म्हणजे चारचौघांत सासरच्या कुळाला बट्टा लावणं.

"न्हाय," ती म्हणाली. आणि तिच्या हिशेबानं ती खोटं बोलत नव्हती.

"ठीक. मग ही गोळी सुरू करू. एक लक्षात ठेवा, मनानं बंद करायची नाही. एकदम सोडली तर झटका परत येईल, गाडी चालवताना आला तर काय होईल ते मी सांगायला नको. आणि अंगावर काही उठलं तर लगेच मला दाखवायचं."

यातलं मनानं बंद न करण्याचं वाक्य घरातल्या सगळ्यांनी पाठ केलं. शेवटचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

गोळी द्यायचं काम सिताबाईनं आपल्याकडं घेतलं. सुनेवर तिचा भरवसा होता, पण गोळीवर नव्हता. ती घशाखाली गेलेली स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. "आ कर. कोकरासारका आ कर, भाड्या." मल्हार हसत आ करायचा. झटका परत आला नाही. घराला वाटलं, सुटलो.

मग मल्हारचे डोळे आले. निदान सगळ्यांना तसं वाटलं. लोकरीचे दिवस, धुरळा, दुसरं काय? करिश्मानं गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी घसा धरला. भाकरी गिळवेना, ताक झोंबायला लागलं. अंगात ताप भरला. करिश्मा चादर टाकायला गेली तर तो वैतागून म्हणाला, "नगं टाकू. लागती."

"चादर लागती?"

"लागती म्हणलं ना! कापडच नगं अंगाला."

छातीवर लाल चट्टे उठले होते, मधे काळपट. द्वारकाबाईनं दारातूनच हात जोडले. "देवी आलीया. लिंबाचा पाला आना. आजपासून घरात फोडनी न्हाय, चप्पल न्हाय. कुनी शिवीगाळ करायची न्हाय." शेवटचं कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं.

सिताबाई मात्र जागची हलली नाही. कापड लागतंय. हे शब्द तिनं आधी ऐकले होते. जळकोटच्या घरात ओसरीवर, उघड्या अंगाच्या भावाला पदरानं वारा घालत ती बसलेली असायची, आणि पदराचं टोक चुकून लागलं तरी पोरगा किंचाळायचा. ती मेंढरांच्या वाड्याकडं गेली, कुंपणाच्या आत शिरून मेंढरांच्या गलक्यात उभी राहिली आणि भावाला फोन लावला.

"रामकिसन, तुझं पयलं काय दुखलं रं?"

"कवा?"

"कातडं गेलतं तवा."

पलीकडं हायवेवरून ट्रक गेला. "आक्का, आज सणवार बी न्हाय, आन् हे काय काढलंस?"

"इचारलं तेवढं सांग."

"डोळे. मिरची घातल्यागत. मंग तोंड. मंग तू मला कुशीवर वळवाया आलीस आन् म्या तुझ्या हाताला कडकडून चावलो."

"चावलास. वण हाय अजून."

"झालंय कुनाला?"

"मल्हारला."

"खातोय काय?"

"फिटीची गोळी."

"आक्का," रामकिसनचा आवाज एकदम पोरवयातल्यासारखा बारीक झाला, "आत्ताच्या आत्ता बंद कर. आन् घरात ठिवू नगंस, दवाखाना गाठ. येतोच म्या."

सिताबाई घरात आली ती सरळ गोळ्यांच्या पाकिटापाशी. ते उचलून तिनं कनवटीला लावलं. "बलभीमला सांगा, पिकअप काढ म्हनावं. बार्शीला जायचंय. आन् ही गोळी आता ह्याला न्हाय."

बब्रुवानला हे मात्र लगेच ऐकू आलं. "यडी झालीस का? डाक्टर काय म्हनला? मनानं बंद करायची न्हाय. परत आपटला तर?"

"देवी आलेल्या मानसाला उंबऱ्याबाहीर काढतीस?" द्वारकाबाई म्हणाली.

"देवी न्हाय ती. रामकिसनला झालतं तेच हाय हे."

झालं. द्वारकाबाईला हवंच होतं ते. "अगं बया! तुझ्या भावाचं तुझ्या भावाला. मल्हार आमच्या कुळाचा. लगीन होऊन नात झाली, तरी हिच्या अंगातनं जळकोट जाईना. माहेरची पाळनूक सासरी आनतीस व्हय गं? लाज न्हाय वाटत?"

सिताबाईला वाटली लाज. तेच तर अवघड होतं. दुसऱ्या कुठल्याही भांडणात तिनं जावेची हबेलहंडी उडवली असती, पण या भांडणात जाऊ बोलत होती ते आणि ती स्वतः आजवर मानत आली ते, एकच होतं. तिनं पाळलेलं सगळं खरं असेल तर हे दुखणं रामकिसनचं असूच शकत नव्हतं. आणि गोळी बंद केली, पोराला झटका आला, गाडीतच जीभ चावून काही बरंवाईट झालं, तर ते तिच्या हातून झालं असतं. आत मल्हार अंग आक्रसून पडला होता. त्याच्या ओठाच्या कडेला पांढरा पापुद्रा धरला होता. तिनं तेवढं पाहिलं.

"कुळ तुमचं आसंल," ती म्हणाली. आवाज चढवलाच नाही. "कातडं माझ्या पोटात झालंय त्याचं. फिट आली तर मांडीवर घिऊन बसंन. कातडं गेल्यावर कुटं घिऊ त्याला? कुटं हात लावू?"

करिश्मा आधीच उठली होती. तिनं अर्पिताला शेजारणीकडं दिलं, जुनी मऊ साडी पाण्यात भिजवून पिळली आणि गाडीत अंथरली. बब्रुवान मागं चढला आणि पोराचं डोकं, केसांना तेवढा हात लावून, सावरून बसला. बलभीमनं, म्हणजे द्वारकाबाईच्याच पोरानं, गाडी काढली. खड्ड्याखड्ड्याला सिताबाई त्याला शिव्या देत राहिली आणि तोही "काकू, रस्ता म्या बांदला का?" म्हणत जमेल तितकं हळू नेत राहिला.

बार्शीच्या डॉक्टरांनी मल्हारच्या तोंडात उजेड टाकून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "गोळी शेवटची कधी दिली?"

"आज न्हाय दिली. बंद केली म्या. ही बघा." तिनं कनवटीचं पाकीट टेबलावर ठेवलं.

"फार चांगलं केलंत." त्यांनी झटक्यासाठी वेगळ्या जातीचं औषध शिरेतून सुरू केलं, सोलापूरला फोन लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली. सगळं झाल्यावर हळूच म्हणाले, "आई, मी विचारलं होतं."

"व्हय. आन् म्या न्हाय म्हनले."

ती त्यापुढं एक शब्द बोलली नाही. सोलापूरपर्यंतही नाही.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात मल्हारला भाजलेल्या पेशंटसारखं वेगळ्या खोलीत ठेवलं. छातीवरची आणि पाठीवरची कातडी काही ठिकाणी सुटली होती, ओठ रक्तानं चिकटले होते. डोळ्यांचे डॉक्टर येऊन तासातासाला थेंब घालायला सांगून गेले. त्वचेच्या डॉक्टर शिवांजली म्हणून होत्या, वयानं करिश्माएवढ्या. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "पसरायचं थांबेल की नाही हे आज सांगता येत नाही. पण गोळी लवकर बंद झाली, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे."

सिताबाईनं तिथंच, व्हरांड्यात, त्यांना गाठलं. "डाक्टरीणबाई, एक सांगा. ही गोळी दुनियेला गुन देती. मग माझ्या भावावर आन् माझ्या पोरावरच का उलटती?"

डॉ. शिवांजलींना पुढच्या पेशंटकडं जायचं होतं. तरी त्या बाकावर टेकल्या. "मावशी, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं झालेलं असतं. प्रत्येक पेशीच्या वरच्या अंगाला एक खाच असते, तळहाताच्या खळग्यासारखी. आत काय चाललंय त्याचा नमुना पेशी त्या खाचेत धरून बाहेर दाखवत राहते. आणि रक्तात राखणीच्या पेशी फिरत असतात. टी पेशी म्हणतात त्यांना. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतो, म्हणजे चाचपून ओळखायचं साधन. तो रिसेप्टर त्या खाचेला लावून बघायचा. आपलं वाटलं तर पुढं जायचं, परकं वाटलं तर मारायचं. रोगाला अशानंच तर मारतात त्या."

"बरं."

"काही माणसांच्या खाचेचा आकार असा असतो की ही गोळी नेमकी तिच्यात जाऊन बसते. मग पेशी तुमच्याच मुलाची, पण चाचपायला गेलं की परकी लागते. राखणीच्या पेशी चवताळतात आणि स्वतःचीच कातडी मारत सुटतात."

सिताबाई पुढं सरकली. "कोकरू गोचिडाच्या औषधात बुडवून काढलं की मेंढी आपल्याच कोकराला ढुशा देती, तसं?"

"मेंढी असं करते?"

"करती की. वास बदलला की वळखत न्हाय. पर सगळ्या न्हाय करत. एखांदीच असती तसली."

"मग बरंचसं तसंच," डॉ. शिवांजली म्हणाल्या. "पण एक फरक आहे, आणि तो नीट ध्यानात ठेवा. तुमची मेंढी वास गेल्यावर कोकराला परत घेत असेल. या पेशी घेत नाहीत. एकदा शिकल्या की जन्मभर विसरत नाहीत. म्हणून ही गोळी मल्हारला पुन्हा कधीच नाही, आणि तिच्या जातीतल्या आणखी काही गोळ्याही नाहीत."

"आन् ती खाच? ती कुटनं येती?"

"आईबापाकडून. निम्मी आईची, निम्मी वडिलांची."

"म्हंजे माझ्यातनं."

"तुमच्या भावाचं ऐकलं त्यावरून, बहुतेक. रक्त तपासू."

"पर म्या तर सोडली हुती वो!" सिताबाईचा आवाज फुटला. "शेंग खाऊन सोडली हुती. समद्यांच्या म्होरं."

कसली शेंग, ते डॉक्टरांना सांगावं लागलं. ऐकताना शेजारी उभी नर्स फिसकन हसली. डॉक्टर हसल्या नाहीत. "मावशी, शेवगा सुटला असेल. ही खाच लग्नानं सुटत नाही. आणि ती काही पापही नाही. हाच आकार एखाद्या रोगापुढं कामालाही येत असेल. तुमच्या आजोबांनी सांगितलं होतं ते बरोबरच होतं, फक्त मुलींनाही सांगायचं राहिलं."

सिताबाई जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. कितीतरी वेळानं बब्रुवान चहाचे दोन कागदी कप घेऊन आला आणि तिच्याजवळ टेकला. असं शेजारी शेजारी बसायचा प्रसंग त्यांच्यावर फारसा आलेला नव्हता.

"तू म्हनलीस ते बरुबर हुतं," तो म्हणाला.

"काय म्हनले म्या?"

"कातडं तुझं हाय."

"निम्मं तुमचं बी हाय. डाक्टरीण म्हनली."

"माझं कुठलं आलंय त्याच्यात?"

"ऐकू न येनं," सिताबाई म्हणाली, आणि मग तिला जे रडू आलं ते आवरेना. बब्रुवान कप दोन्ही हातांत धरून तसाच बसून राहिला. चहा निवला तरी त्यानं तो खाली ठेवला नाही.

रामकिसन जळकोटहून पोचला तेव्हा त्याला खोलीत सोडताना अंगावर झगा, तोंडावर फडकं, सगळं चढवलं. त्याचा एक धुरकट डोळा तेवढा ओळखू येत होता. मल्हारनं पापण्या किलकिल्या केल्या. लहानपणी त्यानं मामाला त्या डोळ्यावरून लई चिडवलं होतं. आज तो त्या डोळ्याकडं बघत राहिला.

"घाबरू नगंस," रामकिसन म्हणाला. "माझ्या टायमाला तर अंगाला राख फासत हुते. तरी बघ, उभा हाय का न्हाय तुझ्याम्होरं? चार एकर ऊस हाय, बायको हाय, बायकोचं बोलनं खातोय. तुला तर मशीन लावल्यात."

मल्हारच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते थेंबांचं होतं की दुसरं, ते मामानं विचारलं नाही.

पुढचे दिवस घरातलं कुणी धड जेवलं नाही. रोज सकाळी डॉ. शिवांजली चट्ट्यांच्या कडा बघायच्या आणि रोज सिताबाई त्यांच्या कपाळावरच्या आठ्या बघायची. एके सकाळी आठी पडली नाही. नवीन चट्टा नव्हता. मग ताप उतरला. पाठीवर गुलाबी, कोवळी कातडी धरायला लागली, नुकत्या जन्मलेल्या कोकराच्या नाकासारखी. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नजर शाबूत आहे; थेंब मात्र बरेच दिवस घालावे लागतील.

या सगळ्या दिवसांत सिताबाईनं कुणाला एक शिवी दिली नव्हती. नर्सबाईंना "ताई, ताई" म्हणत होती, झाडूवाल्याला वाट सोडत होती. द्वारकाबाई बलभीमबरोबर डबा घेऊन आली, माघारी जाताना पुटपुटली, "मला तरी काय ठावं गं, देवीच वाटली," तर हिनं मुकाट्यानं मान हलवली. बब्रुवानला त्या मुकाटपणाचीच जास्त धास्ती वाटत होती.

मल्हारला पहिल्यांदा गार पेज द्यायला परवानगी मिळाली, तेव्हा चमचा तिच्याच हातात होता. दोन घोट गेल्यावर मल्हारनं हातानं थांबवलं. ओठ दुखत होते, शब्द फाटके येत होते.

"माय."

"काय, बाळा?"

"शिव्या दे की. तू गप बसलीस की मला वाटतंय, म्या मरतोय."

सिताबाईनं चमचा वाटीत ठेवला. आणि मग जी सुरुवात केली! मेंढ्याकडं पाठ करून उभं राहणाऱ्याच्या अकलेपासून ते तोंडातल्या तोंडात दुखणं दाबून ठेवणाऱ्याच्या जिभेपर्यंत, मल्हारचं एक अंग तिनं शाबूत ठेवलं नाही. दाराशी उभी असलेली नर्स, ती मघा म्हटलेली फिसकन हसणारी, तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली. मल्हारला हसता येत नव्हतं. त्याचे खांदे तेवढे हलत होते.

रक्ताच्या तपासण्या आल्या. सिताबाईची आणि मल्हारची खाच एकच. रामकिसनची तीच. चिमुरड्या अर्पितालाही तीच उतरली होती. करिश्मानं त्याच दिवशी त्या गोळीचं नाव मराठीत आणि इंग्रजीत तोंडपाठ केलं. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

सिताबाई मल्हारला घेऊन सोनारीला आली, त्याला सावलीत बाज टाकून दिली, आणि ओसरीच्या खांबाला टेकून फोन घेऊन बसली. जळकोटच्या घरातून शेंग खाऊन बाहेर पडलेल्या पोरी कुठं कुठं पसरल्या होत्या. चुलत बहिणी, त्यांच्या लेकी, मयत थोरल्या बहिणीची दीपाली. एकेकीला ती फोन लावत होती. कुणी घाबरत होतं, कुणी "तुला कुनी सांगितलं?" म्हणत होतं. एकीच्या नवऱ्यानं फोन ठेवून दिला. हिनं परत लावला.

भूमला दीपालीचा फोन तिच्या सासूनं उचलला.

"आमच्या घरात असलं काय न्हाय, बाई," सासू म्हणाली. "आमचं कुळ चांगलं हाय."

"लई चांगलं हाय. म्हनून तर दिली पोरगी," सिताबाई म्हणाली. "तुमच्या कुळाचं काय न्हाय त्याच्यात. पोरीच्या रक्तात हाय का, ते बघायचंय. तिच्या पोरात हाय का, ते बघायचंय."

"आमच्या नातवाला काय झालंय?"

"काय झालं न्हाय. व्हायच्या आत फोन केलाय. दीपालीला द्या."

"ती कामात हाय."

"मंग म्या येते. भूमच्या गाडीत बसते आन् तुमच्या ओसरीवर यिऊन सांगते, साऱ्या आळीला ऐकू जाईल असं. माझा आवाज कसा हाय ते लग्नात ऐकलंच आसंल तुमी."

पलीकडं बराच वेळ नुसती भांड्यांची आदळआपट ऐकू आली. बाजेवरून मल्हार म्हणाला, "माय, सबुरीनं." तिनं त्याच्याकडं हात झटकला आणि फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"मावशी?" दीपालीचा आवाज आला. "काय झालं वो? मल्हारदादा बरा हाय ना?"

"बरा हाय. बसलाय हितंच, मला शिकवतोय. तू आधी हातातलं काम ठिव, भवाने. आन् पोराला मांडीवर घिऊन बस. बसलीस का? आता ऐक."